शिळं पाणी

मलकापूर म्हटलं की बाहेरचा माणूस विचारतो, कुठलं? शाहूवाडीचं का बुलढाण्याचं? आमचं मलकापूर कराडला चिकटून आहे. एका अंगाला कोयना, पाठीशी आगाशिवाचा डोंगर, मधनं महामार्ग. मी लहान होतो तेव्हा हे खेडं होतं. आता आमच्या बांधाला लागून चार मजली इमारत उभी आहे आणि तिच्या गॅलरीतली माणसं आमच्या म्हशी बघत चहा पितात.

या गावाचं नाव झालं ते पाण्यामुळं. पंधरा-सोळा वर्षांमागं इथं चोवीस तास पाण्याची योजना आली आणि घरोघरी नळाला मीटर बसले. जेवढं वापराल तेवढं बिल, जास्त वापराल तर दरही चढा. लांबलांबची माणसं ते बघायला यायची. पण मीटर बसवायला माणूस दारात आला तेव्हा आमच्या आईनं त्याला उंबऱ्यावरच धरलं.

"पानी काय गोडंतेल हाय व्हय, मापून घ्यायला? तान्हेल्याला पानी पाजणं पुण्याचं काम. त्याला तुमी काटा लावताय?"

तो बिचारा पान्हा हातात घेऊन उभा. शेवटी मी मध्ये पडलो.

त्याआधी आमच्याकडं पाणी सकाळी तासभर यायचं. त्या तासात आई हंडे, कळशा, बादल्या, टाकी, सगळं भरून ठेवायची. आणि दुसऱ्या दिवशी नळाला पाणी आलं की आदल्या दिवशीचं उरलेलं सगळं ओतून टाकायची. का? तर ते शिळं! ताजं आल्यावर शिळं कोण पिणार? थोडं तुळशीला, बाकीचं अंगणात. गल्लीतल्या सगळ्या घरांत हेच चालायचं. पाणी कमी येतं म्हणून आम्ही भरून ठेवायचो आणि भरून ठेवायचो म्हणून ओतून द्यायचो.

मीटर आला, चोवीस तास पाणी आलं आणि चार-सहा महिन्यांत आईनं हंडे भरायचं सोडलं. गावाचा पाण्याचा वापर कमी झाला. पण तहानलेला कुणी राहिला नाही. दारातून कुणी तसाच गेला नाही. कमी झालं ते शिळं पाणी.

ही गोष्ट मी विसरून गेलो होतो. ती परत आठवली ती आमच्या पुतणीमुळं आणि चंद्रीमुळं.

पुतणी शेतीची पदवी घेते. दोन वर्षांमागं दिवाळीच्या सुट्टीत ती वही घेऊन गोठ्यात आली आणि म्हणाली, "नाना, आपल्या रानातनं आणि गोठ्यातनं हवेत किती वायू जातो, त्याचा हिशेब मला करायचाय. खरं खरं सांगा. युरिया किती टाकता, मोटार किती चालते, पाचट जाळता का."

शेवटच्या प्रश्नाला मी जरा दबलो. कारण पाचट आम्ही जाळतच होतो. ऊस तुटून गेला की वडील काडी लावायचे, त्यांच्यामागं मी लावत आलो. रान मोकळं होतं, उंदीर-घुशी पळतात, खोडवा सोपा जातो. एका वर्षी जाळ वाऱ्यानं फिरला आणि बांधावरचा आंबा एका बाजूनं करपला. वडील त्या रात्री जेवले नाहीत. पण पुढच्या वर्षी काडी लावलीच. त्यामुळं आता पुतणी वही उघडून बसली तेव्हा मला वाटलं, ही आता त्या धुराचा जाब विचारणार. सगळ्यात मोठं पाप तेच निघणार.

तसं झालं नाही. तिचा हिशेब मी इथं सोपा करून मांडतो.

आमचं रान तीन एकर. दीड एकर ऊस, बाकी सोयाबीन, शाळू आणि थोडं गजराज गवत. दावणीला तीन म्हशी, एक गाय आणि दोन शेळ्या. रवंथ करणारं जनावर चारा पोटात आंबवतं आणि त्यात मिथेन तयार होतो. तो ढेकरेवाटे बाहेर पडतो. आयपीसीसी या आंतरराष्ट्रीय मंडळाच्या २००६ च्या मार्गदर्शिकेत आपल्या भागातल्या म्हशीला वर्षाला ५५ किलो मिथेन धरलाय, दुभत्या गायीला ५८, शेळीला ५. आमच्या दावणीचा झाला २३३ किलो. शंभर वर्षांच्या हिशेबानं एक किलो मिथेन हवा तापवण्यात सुमारे २७ किलो कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचा. म्हणजे गोठ्याचे झाले ६.३ टन.

मग मोटार. पाच अश्वशक्तीची मोटार रात्री आठ तास चालली की सुमारे ३० युनिट वीज जाते. मी म्हटलं, "आपली वीज कोयनेची, पाण्यावरची. तिचा कसला धूर?" ती हसली. "नाना, तारेत सगळी वीज एकत्र होती. कोयनेची कुठली आणि चंद्रपूरच्या कोळशाची कुठली, हे आपल्या मोटारीला कळत न्हाय." देशाच्या सरासरीनं एका युनिटमागं सुमारे ७०० ग्रॅम. एका रात्रीचे २१ किलो. वर्षात शंभर रात्री धरल्या तर २.१ टन.

मग युरिया. ४५ किलोच्या पोत्यात नत्र जवळपास २१ किलो. त्यातला शंभरातला एक भाग नायट्रस ऑक्साइड होऊन उडतो असं धरतात. ऐकायला किरकोळ वाटतं, पण हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट तापवणारा. शिवाय युरिया विरघळताना थोडा कार्बन डायऑक्साइडही सुटतो. एका पोत्याचे सुमारे १२० किलो झाले, कारखान्यात ते पोतं बनताना जे जळतं ते सोडून. आम्ही वर्षाला चौदा पोती टाकत होतो. १.७ टन.

ट्रॅक्टरच्या डिझेलचे दीडशे किलो. आणि ज्या पाचटाची मला धास्ती होती, त्या दीड एकराच्या जाळाचे निघाले फक्त ३३० किलो.

"असं कसं?" मी विचारलं. ती म्हणाली, पाचट जळताना निघणारा कार्बन डायऑक्साइड यात धरत नाहीत. तो उसानं हवेतनंच घेतलेला असतो, पुढचा ऊस तो परत घेतो. धरायचा तो त्या जाळात तयार होणारा मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड तेवढा.

सगळे मिळून साडेदहा टन. शेणाचा हिशेब तिनं वेगळा ठेवला होता.

घरात हा हिशेब वाचून दाखवला तेव्हा माझी बायको भाकरी थापत होती. ती म्हणाली, "म्हशीच्या ढेकराचं बी आता बिल येणार म्हणा की!" सगळे हसले. मला मात्र दोन गोष्टी सलत राहिल्या.

पहिली अशी, की डोळ्यांना दिसणारा धूर छोटा निघाला आणि न दिसणारा ढेकर मोठा. म्हणजे आजवर मी ज्याची लाज बाळगली ते एक आणि वजनात भरणारं दुसरंच. पण म्हणून पाचट जाळणं क्षम्य झालं का? त्या जाळात गांडुळं मरतात, मातीचा कस जातो, शेजारच्या इमारतीतल्या दम्याच्या म्हातारीला खोकला लागतो, आंबा करपतो. यातलं काहीच त्या ३३० मध्ये नाही. आकडा एकाच गोष्टीचं वजन करतो. त्याला सगळ्या पापपुण्याचा तराजू समजलं तर फसगत आहे.

दुसरी गोष्ट चंद्रीची.

तीन म्हशींतली एक चंद्री. कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून चंद्री. तिची आय तिला टाकून मेली, तेव्हा माझ्या आईनं या रेडकाला बाटलीनं दूध पाजून वाढवलं. नऊ वेतं झाली तिची. पुतणीच्या अकरावी-बारावीच्या क्लासची फी चंद्रीच्या दुधावर भरली गेली. आता दोन वर्षं ती भाकड आहे, पुन्हा गाभण राहण्याची आशा नाही. आई गेली, चंद्री राहिली.

पुतणीनं वहीत चंद्रीच्या नावापुढं लिहिलं होतं: दूध शून्य, मिथेन ५५ किलो, म्हणजे दीड टन. खाली तिनं काही लिहिलं नव्हतं, पण वाचता मलाही येतं. या शेतावरून एका झटक्यात दीड टन कमी करायचा सोपा मार्ग एकच होता. आणि भाकड म्हैस बाजारात नेली की ती कुठं जाते हे गावात कुणाला सांगावं लागत नाही. २०१५ च्या कायद्यानं बैल वाचला, म्हशीला तो लागू नाही.

मी दोन दिवस गप्प होतो. मग तिला म्हटलं, "हा ५५ आकडा आपल्या चंद्रीचा हाय का? तिच्या तोंडाला कुणी यंत्र लावलं होतं?"

"न्हाय. सरासरी हाय."

"मग?"

"मग काय, नाना? कमी-जास्त असंल. शून्य तर न्हाय ना?"

खरं होतं. मग तिनंच मला आणखी एक गोष्ट सांगितली. मिथेन हवेत साधारण बारा वर्षं टिकतो. कोळशाचा कार्बन डायऑक्साइड शेकडो वर्षं साठत राहतो. शंभर वर्षांचा हिशेब धरला तर मिथेन २७ पट, वीस वर्षांचा धरला तर सुमारे ८० पट. म्हणजे चंद्रीचा दोष किती, हे आपण कुठलं पंचांग उघडतो त्यावर ठरतं. लहान पोराबाळांची काळजी असेल तर वीस वर्षांचं उघडावं लागेल. पणतवंडांची असेल तर कोळशाकडं आधी बघावं लागेल. हे काही यंत्र ठरवत नाही. हे माणसानंच ठरवायचं.

मी तिच्यापुढं दुसरा डाव टाकला. अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण यांनी १९९१ साली एक पुस्तिका लिहिली होती. त्यांचं म्हणणं असं, की गरिबाच्या भातखाचरातला नि गोठ्यातला वायू आणि श्रीमंत देशातल्या मोटारींचा वायू एकाच मापात घालू नका. एक जगण्यासाठी निघतो, दुसरा चैनीसाठी. मला ते तेव्हाही पटलं होतं, आजही पटतं. अमेरिकेत एका माणसाच्या वाट्याला नुसता कार्बन डायऑक्साइडच वर्षाला १४ टनांच्या आसपास येतो. आमचं सहा माणसांचं घर पोसणारं सगळं शेत साडेदहा टनांचं. मग चंद्रीकडं बोट दाखवायला आधी कुणी यावं?

पुतणी म्हणाली, "बरोबर हाय. पण चंद्री जगण्यासाठी हाय का चैनीसाठी?"

मला उत्तर आलं नाही. दूध देत नाही, म्हणजे जगण्यासाठी नाही. चैन तर मुळीच नाही. ती या दोन्ही कप्प्यांत बसत नव्हती. मी म्हटलं, "उपकार हायेत तिचे." ती म्हणाली, "मान्य. पण शहरातला माणूस बी त्याच्या दुसऱ्या गाडीबद्दल असंच म्हणंल. आजारी आईला दवाखान्यात न्यायला ठेवलीया म्हणंल. प्रत्येकाकडं एक चंद्री असती, नाना."

हा प्रश्न मला सोडीना. पोरगी उद्धट नव्हती. तिच्या बोलण्यामागं २०१९ चा ऑगस्ट होता, कृष्णा-कोयनेचं पाणी कराडात घुसलं होतं तो. २०२१ चा जुलै होता, पाटण तालुक्यात दरडींखाली माणसं गेली तो. एका पावसावर बोट ठेवून तो अमक्या वायूमुळंच पडला असं म्हणता येत नाही. पण तापलेल्या हवेत पाऊस असाच झोडपून पडणार, हे शास्त्र सांगतं. तिला या गावात अजून पन्नास वर्षं काढायची आहेत. मला नाहीत.

असाच एका रात्री अंथरुणावर पडलो होतो. दीड वाजता लाइट आली आणि विहिरीवरची मोटार आपोआप सुरू झाली. शेतकरी तिला ऑटो म्हणतात. लाइट आली की मोटार चालू, गेली की बंद. आवाज ऐकत पडलो. सरी केव्हाच भरली असेल, पाणी आता बांध ओलांडून ओढ्याला चाललं असेल, हे मला माहीत होतं. दरवेळी माहीत असायचं. पण उठत कोण? या मोटारीला मीटर नाही. बिल अश्वशक्तीवर, आणि २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंत तेही माफ. अंगणातल्या नळाचा थेंब न् थेंब मोजला जातो आणि तिथून दोनशे पावलांवर रात्रभर विहीर उपसली जाते तिला काटाच नाही.

तेव्हा मला आई आठवली, अंगणात हंडा पालथा करणारी.

मीटरनं आईला "पिऊ नको" असं कधी म्हटलं नव्हतं. पाहुण्याला पाणी देऊ नको असंही म्हटलं नव्हतं. पिलेलं किती आणि ओतलेलं किती, एवढं तिच्या तिला दिसायला लागलं. आमच्या साडेदहा टनांतही पिलेलं आणि ओतलेलं असं दोन्ही आहे. ओढ्याला जाणारं पाणी उपसायला जळलेली वीज, ही ओतलेली. पोत्यातला जो युरिया उसाच्या मुळाला लागतच नाही, हवेत तरी जातो नाहीतर निचऱ्यानं विहिरीत तरी उतरतो, तो ओतलेला. पाचटाचा जाळ ओतलेला. यातून कुणाच्या पोटात घास गेला नाही, कुणाचं ऋण फिटलं नाही. हे आमचं शिळं पाणी. आणि चंद्री? ती ओतलेल्यात बसत नव्हती.

सकाळी पुतणीला हे सांगितलं. ती लगेच म्हणाली, "म्हणजे आपलं आपण ठरवायचं, काय पिलं आणि काय सांडलं? मग जो तो म्हणंल मी पितोच हाय."

म्हटलं, "म्हणंल ना. म्हणून तर वही पाहिजे. चंद्रीचा दीड टन खोडायचा न्हाय. तिच्या नावानं लिहून ठेवायचा, चारचौघांना दिसंल असा. आणि ओतलेलं बंद केल्याशिवाय तिच्याबद्दल बोलायचा हक्क आपल्याला न्हाय."

एवढ्यावर आमचं जमलं. पुरतं पटलं असं दोघंही म्हणणार नाही.

मग आम्ही कामाला लागलो. ऑटो काढून टाकायचा माझा विचार होता, पण थोरला भाऊ चिडला. "रात्री दीडला सरीत तू जाणार का साप-किरडू बघायला?" त्याचं खरं होतं. ऑटो हा शेतकऱ्याचा आळस नव्हे. रात्रीची वीज देणाऱ्या व्यवस्थेवर त्यानं काढलेली ती तोड आहे. वीज दिवसा मिळाली तर निम्मं शिळं पाणी आपोआप थांबेल, आणि ते शेतकऱ्याच्या हातात नाही. मग ऑटोला टायमर जोडला. चार तासांनी मोटार बंद. पाचट जाळायचं थांबवलं, सरीत पसरून वर कुजवणारं जिवाणू खत सोडलं. मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट हे कधीपासून सांगत आली आहे, आम्ही ऐकत नव्हतो. पहिल्या वर्षी उंदीर वाढले आणि भावानं मला भरपूर ऐकवलं. पण पाचटाखाली ओल टिकली आणि पाण्याची पाळी लांबली. युरिया फोकून द्यायचा बंद करून मातीत गाडून, हप्त्याहप्त्यानं दिला. चौदा पोत्यांची दहा झाली आणि ऊस उणा पडला नाही. वैरण कुट्टी करून, हिरवी-वाळकी मिसळून आणि क्षार मिश्रण घालून द्यायला लागलो. जनावराला चारा नीट पचला, दूध वाढलं, की लिटरमागं मिथेन कमी बसतो. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाच्या संतुलित आहाराच्या कामातही हेच दिसलं आहे.

वर्षाअखेर पुतणीनं बेरीज केली. मोटारीचा एक टन वाचला, युरियाचा जवळपास अर्धा टन, पाचटाचे ३३० किलो. पावणेदोन टनांच्या वर. मी म्हटलं, "बघ, चंद्रीचा दीड टन फिटला की!"

ती म्हणाली, "न्हाय फिटला. हे तर तसं बी करायलाच पाहिजे होतं. चंद्री न्हवती तरी."

मी वाद घातला नाही. ती म्हणते ते बरोबर आहे. स्वतःचं घाण पाणी थांबवलं म्हणून कुणी देणं फेडलं असं होत नाही. चंद्रीचं ओझं आम्ही घेतलंय आणि ते आमच्या नावावर आहे. फक्त ते कशासाठी घेतलं हे आम्हाला सांगता येतं, आणि मोजल्याशिवाय तेवढंही सांगता आलं नसतं. एक मात्र ठरलं. चंद्रीमागं तिसरी म्हैस घ्यायची नाही. दोनच ठेवायच्या, पण पोटभर खाऊ घालून.

यंदाच्या वहीत पुतणीनं जनावरांच्या तक्त्यात एक रकाना वाढवलाय, "शेरा" म्हणून. दोन्ही दुभत्या म्हशींपुढं दुधाचे लिटर लिहिलेत. चंद्रीपुढं आधी मोकळंच होतं. परवा बघितलं तर तिथं तिच्या अक्षरात लिहिलेलं होतं: "आजीची."

पुढं ५५ तसाच आहे.